काकांबरोबर मुंब्र्याच्या कातळावर

मुंब्र्याच्या कातळांवर आमची क्लायंबिंगची पोरं दर हिवाळ्यात जातात त्यामुळे त्यावर काही लिहावं असं कधी वाटलंच नव्हतं, ठाण्याहून स्लो लोकल पकडायची, कळवा गेलं की मुंब्रा, प्रवास तो काय. पण या वेळी आमच्याबरोबर काका होते. काका म्हणजे आमच्यातला जो पोरगा यंदा हिमाचलात अपघातात गेला त्याचे वडील. त्याचं नाव आणि शिखराचं नाव मुद्दाम देत नाहीये, घरच्यांची तशी इच्छा आहे, आणि ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

बावीस-तेवीसचा होता. २०१६ ला वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमधे बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढायचं त्याचा, वर्ल्ड कप झाला होता ना, तेव्हा हा शाळेत, कोणाच्या तरी मागे लागून बघायला गेला आणि तिथून जे डोक्यात शिरलं ते शिरलंच. मग बेलापूरचे बोल्डर, मग मुंब्रा, मग माहुलीच्या बाजूचा वजीर सुळका, मग गिर्यारोहणाचे बेसिक, ॲडव्हान्स कोर्स आणि हिमालय. ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच क्लायंबरांचा क्रम हाच असतो.

बातमी आली त्या रात्री फोन थांबलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागला, 'सह्याद्रीचा वाघ हिमालयाच्या कुशीत विसावला', खाली भावपूर्ण श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो, त्यातल्या निम्म्यांनी त्याला कधी बघितलंही नसेल. आणि स्टेटसवर तर काय, 'डोंगरवेडा होता, डोंगरातच गेला, भाग्यवान'. मला या वाक्याचा भयंकर राग येतो. भाग्यवान कसला? त्याने परतीचं तिकीट काढलं होतं, डिसेंबरात नवीन पोरांना वजीरला नेणार होता. तेराव्याला गेलो तेव्हा काकू दारातच म्हणाल्या, "तुमच्याच नादाने गेला माझा." कोणी काही बोललं नाही, बोलूही नये. जुनी माणसं जमली होती, त्यांच्यात अरुण सावंत सरांचा विषय निघालाच, जानेवारी २०२० मधे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या (दोरावरून उतरायच्या) वेळी गेले ते, सगळी हयात कड्यांवर काढलेला माणूस. असे विषय निघाले की आमच्याकडे सगळेच जरा मोठ्याने बोलायला लागतात, का ते माहीत नाही.

काकांचा फोन नंतर आला. तो जिथे शिकला ती जागा मला बघायचीये, आणि त्याचं सामान आलंय त्याचं काय करायचं ते सांगा.

रविवारी सकाळी काका कळव्याला डब्यात चढले, पाठीला त्याचीच सॅक. काका रेल्वेत फिटर होते, कारशेडमधून रिटायर झाले, त्यामुळे गाडीत बसल्यावर बोलायला विषय होता. लांब पल्ल्याच्या गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जातात, २०२२ पर्यंत फास्ट लोकलही जायच्या, १९१६ चा बोगदा, आणि आपली स्लो डोंगराला वळसा घालून खाडीच्या बाजूने, हे ते सांगत होते आणि खिडकीतून वर बघत होते. "हा सगळा काळा दगड. खणणाऱ्यांचा जीव काढला असणार." मी म्हटलं वर तोच आहे काका, बसाल्ट, थंड झालेला लाव्हा, होल्ड, म्हणजे हातापायाला पकड, मस्त मिळतात पण मधेच एखादा थर कुजका निघतो. ते म्हणाले, "मग ठोकून बघता का?" मी म्हटलं हो, पोकळ आवाज आला की तिथे दोर अडकवायचा बोल्ट मारायचा नाही. एवढ्यात मुंब्रा आलं.

स्टेशनबाहेर नेहमीसारखी झुंबड, रिक्षा, चहाच्या टपऱ्या, आणि मान वर केली की डोंगरावर मुंब्रादेवीचं मंदिर. काकांनी खालूनच हात जोडले. चढ तसा फार नाही पण सुकं गवत आणि घसारा, त्यात काकांच्या पायात साध्या चपला. मी हात पुढे केला तर म्हणाले राहू दे, मी कोकणातला आहे. बायपासवरून ट्रकचे हॉर्न सारखे ऐकू येत होते, त्या सगळ्या गोंगाटातच ही जागा आहे, फोटोत मात्र लोकांना वाटतं कुठल्यातरी जंगलात आलोय.

कातळाखाली बरीच माणसं जमली होती, बेलापूरची, डोंबिवलीची, पुण्याहूनही दोघं. दोन मिनिटं शांत उभं राहायचं असं ठरलं होतं, ते करायचं म्हणून केलं. मग कोणीतरी रोप (दोर) सोडला आणि चढायला सुरुवात झाली, आणि खरं सांगतो, तेव्हा कुठे बरं वाटलं. खालून "ऑन बिले", म्हणजे रोप धरलाय, वरून "टाईट, टाईट", मग शिव्या, मग हसणं. दिव्याला राहणारी एक नवीन मुलगी आहे, तिला पहिली लीड, म्हणजे स्वतः रोप अडकवत पुढे चढायचं ते, त्यानेच शिकवलेली, ती त्याच रूटवर गेली आणि वरच्या बल्जखाली, पुढे आलेल्या दगडाखाली, अडकली, पाय थरथरायला लागले. नेहमी अशा वेळी खालून तो ओरडायचा, डावा पाय बघ, डावा. या वेळी कोणीच ओरडलं नाही. तिने तो पाय स्वतःच शोधला.

काका हे काहीच बघत नव्हते. ते खाली पसरलेल्या सामानापाशी उकिडवे बसून एकेक कॅराबिनर (रोप अडकवायची कडी) हातात घेत होते, गेट दाबून सोडून बघत होते, डोळ्याजवळ नेऊन त्यावरचा आकडा वाचत होते. "हे २२ काय?" मी म्हटलं किलोन्यूटन, म्हणजे साधारण बावीसशे किलो, पण लांबीच्या बाजूने, आडवा ताण आला तर त्यापेक्षा खूपच कमी. त्यांनी तो आडवा धरला, मान हलवली. मग रोप. क्लायंबिंगचा रोप माणूस पडताना ताणला जातो, झटका खाऊन टाकतो, बोगीच्या स्प्रिंगसारखा, हे मला त्यांना समजावायला एक वाक्य पुरलं, आमच्या बॅचच्या इंजिनिअर पोरांना तास लागतो.

मग म्हणाले, "आता मला सांग नक्की काय झालं. सगळे सांगतात डोंगराने नेलं. डोंगर काय नेतो?"

हे असं कोणीच विचारलं नव्हतं. मी जेवढं त्याच्या रोपवरच्या दोघांकडून ऐकलं होतं तेवढं सांगितलं. रात्री फटींमधलं पाणी गोठतं आणि सुटे दगड धरून ठेवतं, ऊन लागलं की बर्फ सुटतो आणि दगड घळीतून खाली यायला लागतात. म्हणून मध्यरात्रीनंतर एक-दोनला निघायचं आणि ऊन तापायच्या आत घळ उतरून मोकळं व्हायचं. वर रोप फिक्स करण्यात त्यांचा वेळ गेला, उतरताना दुपार झाली होती. काकांनी विचारलं, "हेल्मेट?" होतं. क्लायंबिंगचं हेल्मेट पाच किलोचं वजन दोन मीटरवरून टाकून टेस्ट करतात, हा दगड त्याच्या कितीतरी पट मोठा होता आणि फार वरून आला. "त्याला कळलं असेल?" मी म्हटलं बाकीचे म्हणतात आवाज आला तेव्हा याने ओरडून खालच्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो खालचा वाचला.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "चूक होती का?" मी म्हटलं उशीर ही चूकच, पण मागे फिरायचं की अजून थोडं थांबायचं हे वर उभं राहून ठरवावं लागतं, आणि कधीकधी नीट ठरवूनही होतं. त्यांना ४ ऑक्टोबर २०२२ चं सांगितलं, द्रौपदी का डांडा २ वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या कोर्सवर हिमस्खलन झालं, एकोणतीस जण गेले, त्यात सविता कंसवाल इन्स्ट्रक्टर होती, जिने त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत केले होते. "शिकवणारी पण?" हो, शिकवणारी पण. हे ऐकून त्यांना बरं वाटलं की अजून वाईट, मला नाही कळलं. पण खोटं सांगितलं नाही, आणि मला वाटतं घरच्यांना फ्लेक्सवरच्या वाघापेक्षा हे देणं लागतं.

मग सॅक उघडली. काकांना वाटत होतं सगळं सामान ग्रुपला देऊन टाकावं, निदान कोणाच्या कामी येईल. इथे आमच्यात जुंपली. काही जण म्हणाले आठवण म्हणून त्याचा रोप ठेवूया, वापरूया. अजिबात नाही. दगडांचा मार खाल्लेला रोप आहे, आत काय झालंय ते वरून दिसत नाही, हार्नेस (कमरेचा पट्टा) आणि स्लिंग (जोडपट्ट्या) पण बाद. काकांनीच विषय संपवला, "मार लागलेला पार्ट गाडीला परत लावतात का?" आणि त्यांनी स्वतः सुरी मागून रोपचे तुकडे केले, हातभर लांबीचे, गाठी शिकायला. शूज दिव्याच्या मुलीला अर्धा नंबर मोठे झाले, ती म्हणाली मोजे घालीन. चॉकबॅग, हाताला लावायच्या पावडरची पिशवी, काकांनी खिशात घातली. धातूचं सामान मात्र घरी घेऊन गेले, एकेक भिंगाखाली बघून मग देतो म्हणाले.

निघताना त्यांनी एका पोराला दटावलं, बिले देताना हेल्मेट काढून बसला होता. पोरगं मुकाट्याने घालून बसलं, आम्ही गेली दोन वर्षं सांगतोय ते त्याने कधी ऐकलं नव्हतं.

काकूंना आम्ही कुठे गेलो होतो ते काकांनी सांगितलंय, त्या अजून आमच्याशी बोलत नाहीत. काका पुढच्या महिन्यात परत येणारेत. त्याच्या रूटवरचे वरचे दोन बोल्ट गंजलेत, ते काढून नवीन मारायचेत, ड्रिल आम्ही बेलापूरच्या पोरांकडून आणतोय, पण टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, काका त्यांचा स्वतःचा आणणार, आमच्या पान्यावर त्यांचा भरवसा नाही.