तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीला येऊ का?

"ताई, दिवाळीला मुलींसाठी फराळ घेऊन येऊ का?" मी "नको" म्हणते आणि तुमचा चेहरा पडतो. मग पुढचा प्रश्न: "चांगलंच करायला येतोय, तुम्हाला अडचण काय?" बालगृहाची अधीक्षिका आहे मी, माणूसघाणी नाही.

एका नरकचतुर्दशीचं सांगते. मुली पहाटेच उठल्या होत्या. थोरल्यांनी धाकट्यांना तेल-उटणं लावलं, मोती साबणाच्या वडीवरून भांडणं झाली, अंगठ्याखाली कारीट फोडून झालं, नवे फ्रॉक घालून सगळ्या फराळाला बसल्या. आणि दहाच्या सुमारास एक मंडळ आलं. बॅनर, फोटोग्राफर, उटण्याची पाकिटं. त्यांना 'स्वतःच्या हातांनी' मुलींना अभ्यंगस्नान घालायचं होतं आणि आमच्या विश्वस्तांनी तसा शब्द दिलेला. फ्रॉक उतरले, वाळलेल्या केसांना पुन्हा तेल लागलं. सगळ्यात धाकटी म्हणाली, "पण नरकासुर सकाळीच मेला ना?" मंडळी खूप हसली. कारीट उरलं नव्हतं, म्हणून कुणीतरी तिच्या पायाखाली लिंबू सरकवलं. तिने ते फोडलं नाही, पाय तसाच अधांतरी धरून बसली. फोटोवाला "हस ना बाळा" म्हणत राहिला.

अशा मुलांची ओळख उघड करायला बालन्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 ने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, "पोरींचा आनंदसुद्धा दाखवायचा नाही?"

पूर्वी मीच याद्या काढून लोकांना बोलवायचे, हेही खरं. आमचं तेल-बेसन अजूनही बरंचसं देणग्यांतूनच येतं. ती पूर्वीची मी अजून भांडते माझ्याशी: कुणीच आलं नाही, तर सणाच्या दिवशी फाटकाशी घुटमळणाऱ्या मुलीला काय सांगशील? काय सांगणार!

म्हणून उलटं करून पाहिलं. मुलींनी द्यावं, घेणारं दुसरं कुणी असावं. भाऊबीजेला त्यांनी केलेल्या करंज्या घेऊन जवळच्या वृद्धाश्रमात गेलो. आज्यांनी मुरड नीट पडली नाही म्हणून नावं ठेवली, लगेच शिकवायलाही बसल्या. मुली जाम खूश. एका आजोबांनी मात्र खोलीचं दार लावून घेतलं. ताटात ओवाळणी टाकायला जवळ काही नाही, म्हणून. "तशीच ओवाळते," असं एक मुलगी दाराबाहेरून म्हणाली, त्यावर ते आतून चिडले. करंज्याही घेतल्या नाहीत. आता ते मंडळ आणि मी यांत फरक किती, हे तुम्हीच सांगा. माझ्या मते आहे. पण त्या आजोबांना विचारलंत तर कदाचित नसेल.

तरी दिवाळीला नकोच. तेल, बेसन, रवा वसुबारसेच्या आधी पाठवा. स्वतः यायचं तर एखाद्या साध्या रविवारी हात हलवत या, मुली वाढतील ते जेवा. आधी फोन मात्र करा. परीक्षा चालू असल्या तर तेव्हाही "नको"च म्हणेन.