माळवदावरचा पत्रा

महाबळेश्वराला पाऊस ५००० मिलिमीटरच्या वर आणि आमच्या माण-खटावात ५००च्या आसपास, जिल्हा मात्र एकच. तिकडं घरांना उतरती छपरं, इकडं सपाट माळवदं. दगडमातीच्या जाड भिंती, वर तुळया, त्यावर फळ्या-काटक्या आणि हातभर पांढरी माती. मृग लागायच्या आत दरसाल नवी माती चढायची. उन्हाळ्यात खाली गारवा असायचा आणि माळवदं एकमेकांना इतकी चिकटलेली, की आळीच्या या टोकाहून त्या टोकाला वरच्यावर जाता यायचं. बायका शेजारच्या साण्यातनं, म्हणजे उजेड-धुरासाठी माळवदाला ठेवलेल्या भोकातनं, थेट चुलीपाशी हाक टाकायच्या, "अगं, विरजण हाय का?" दाराची कडी वाजवायचं कारणच नव्हतं.

माळवदाचं कौतुक आता पुण्याहून सुट्टीला आलेले लोक जास्त करतात. मळलेल्या कणकेत वरनं माती पडली की काय वाटतं, हे आमच्या आत्याला विचारावं. शिवाय दरसाल चढणाऱ्या मातीचं ओझं. १९६७ला कोयनेच्या भूकंपानं हा जिल्हा हादरला होताच, पण १९९३ला किल्लारीत अशीच दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. त्यानंतर आमची म्हातारी माणसं बरेच दिवस अंगणात झोपायची, आत आली तरी नजर तुळईवर. मग ऊस, मुंबईची हमाली, पोराची नोकरी, ज्याला जसं जमलं तसा त्यानं स्लॅब टाकला. बरंच केलं.

पण मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ते ऊन खाली सोडत बसतो. चार-पाच पावसाळ्यांत कोपऱ्यातनं पाझरायलाही लागतो. म्हणून आता स्लॅबवर लोखंडी खांब आणि निळा पत्रा. छपराला छप्पर! सोयीचं आहे, नाही म्हणत नाही. खाली कांदा पसरता येतो, बारशाची पंगत उठते, पोरांचं क्रिकेट चालतं.

अडलंय ते कुरडयांचं. शेडखाली ऊन कुठलं? आई पाट्या घेऊन जिना उतरते आणि चुलतीचा जिना चढते, कारण दोन्ही घरांच्या मधे आता मोटारसायकल जाईल एवढी बोळ आहे आणि चुलतीचा स्लॅब अजून उघडा आहे. तिथं दोघींचं चीक घोटण्यापासून सुनांपर्यंत सगळं बोलून होतं. चुलतीचं शेडही दिवाळीनंतर होणार म्हणे, फॅब्रिकेशनवाला माप घेऊन गेलाय.