पॅडी शिवलकर आणि ५८९
आज संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. समोरच्या नेटमध्ये एक बारका डावखुरा स्पिनर. बॉल घासून घासून पोराच्या पँटवर मांडीशी लाल डाग पडलेला. बाजूचे काका म्हणाले, "याला पॅडी माहीत असेल का हो?"

पॅडी म्हणजे मुंबईचा डावखुरा स्पिनर पद्माकर शिवलकर. १९८७-८८ पर्यंत खेळला हा माणूस. प्रथम श्रेणीत ५८९ विकेट. १९७२-७३ च्या रणजी फायनलला मद्रासमध्ये १६ धावांत तामिळनाडूच्या ८ विकेट, मग १८ धावांत ५! आणि टेस्ट? एकही नाही. म्हणे, भारताच्या संघात तसाच डावखुरा स्पिनर बिशनसिंग बेदी होता ना. मला हे अर्धंच पटतं. एखादी तरी द्यायची.

"मग बेदीला बसवणार होतात?" काका तापलेच. (चहा मात्र त्यांनीच पाजला.)