कंट्रोल केबिनमधून

आज दुपारी गाड्या लागेपर्यंत अर्धा तास मोकळा मिळाला. एसटी स्टँडच्या केबिनमध्ये आम्ही तिघं कंडक्टर. चार महिन्यांनी ५८ पूर्ण करून निवृत्त होणारे नाना कंडक्टर, सहा महिन्यांपूर्वी लागलेली चोवीस वर्षांची पोरगी आणि मधल्या वयाचा मी.

नाना मशीनवर तिकीट काढतातच, पण अजूनही प्रत्येक स्टेजला, म्हणजे भाड्याच्या टप्प्याला, खिशातल्या वहीत पेन्सिलीनं माणसं मांडतात. "सहा किलोमीटरला एक स्टेज, तेवढ्यात हिशेब झाला पाहिजे," म्हणतात. तिकिटांचा ट्रे आणि पंचच्या काळातली सवय. पोरगी हसली. मग तिनं त्यांना क्यूआरचे पैसे जमा झाले की नाही ते कसं बघायचं हे तिसऱ्यांदा दाखवलं. नानांनी तेही वहीत लिहून घेतलं!

मग तिनं विचारलं, "नाना, पंच्याहत्तरीचं फुकट तिकीट मागतात, आधार कार्ड घरी. भांडण टाळायचं कसं?"

"आधी बसायला जागा दे. मग मागच्या प्रवाशांची तिकिटं फाड. परत येईपर्यंत पिशवीच्या तळातून कार्ड निघतं. नाहीच निघालं, तर अर्धं पण नाही, पूर्ण तिकीट. पण आवाज चढवायचा नाही."

मशीन आल्यापासून तिकीट कुणी 'फाडत' नाही, पण नानांच्या तोंडातून शब्द काही जात नाही. गंमत म्हणजे पोरगीही आता तेच म्हणायला लागलीय.

चहाचे पैसे तिनं फोनवरून दिले. नाना तिच्या हातात सुट्टी नाणी कोंबत होते. ती घेईना. शेवटी मीच घेतली, उद्या सकाळच्या फेरीला लागतीलच.