दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं: व्हिडिओवरून बाग शिकवताना आलेला अनुभव

मी मिरजेला राहते, गच्चीवर बरीच वर्षं भाजी लावतीये. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कॉलनीतल्या बायकांचे सारखे फोन, काकू मिरचीची पानं का वळतायत, काकू कुंडीत पाणी का साचतंय, एकेकीला तेच तेच सांगून घसा बसायचा, मग मुलगी म्हणाली आई एकदाच व्हिडिओ कर आणि सगळ्यांना पाठव.

पहिला व्हिडिओ बारा मिनिटांचा झाला, माती, कोकोपीट, शेणखत, बी, पाणी सगळं त्यातच. शेवटपर्यंत कोणी बघितला नाही आणि गच्चीवरच्या वाऱ्यात निम्मं ऐकूही येत नव्हतं. तेव्हापासून एका व्हिडिओत एकच काम, आणि शूटिंग सकाळी सातच्या आत, वारा पडलेला असताना, इअरफोनचा माईक पदराला पिन करून.

पण खरी अडचण आली ती दुधीला. हाताने परागीभवन कसं करायचं ते मी लाल भोपळ्याच्या वेलावर दाखवलं होतं. मादी फुलाच्या मागे बारकं फळ असतं, नर फुलाला नुसता लांब देठ, नर फूल खुडून पाकळ्या काढायच्या आणि आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. एवढं बरोबर होतं. बोलण्याच्या ओघात म्हणून गेले की दुधी-दोडक्यालाही असंच, सकाळी उठल्या उठल्या करा.

दोन-तीन आठवड्यांत फोन सुरू झाले, बारके दुधी पिवळे पडून गळतायत. एक ताई तर वेल वांझ आहे म्हणून उपटायलाच निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं आणि तो अख्खा दिवस मी माझ्या वेलावर नजर ठेवली. दिवे लागायच्या वेळेला पांढरी फुलं उमलायला लागली! भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतं, दुधीचं संध्याकाळी उमलतं, रात्री त्यावर पतंग येतात, दोडकाही संध्याकाळचाच. माझ्या गच्चीवर ते काम पतंगच करत होते म्हणून मला कधी बघायची गरजच पडली नव्हती.

त्याच आठवड्यात संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात नवीन व्हिडिओ केला, सुरुवातीलाच सांगितलं की मागच्या वेळी वेळ चुकीची सांगितली, आणि जुना काढून टाकला. लोक आपल्यावर भरवसा ठेवून बी-खत आणतात, महिना दीड महिना पाणी घालतात, त्यांना चुकीचं सांगून गप्प बसणं मला जमलं नसतं. त्यात हेही घातलं की वेलाला आधी नुसती नर फुलं येतात, घाबरायचं नाही, शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादी फुलं त्यांच्यावरच जास्त येतात.

त्या ताईंनी पुढे पहिला दुधी मला आणून दिला, त्याचे मी थालीपीठ केले.

आता कारल्याचा करायचाय. त्याची फुलं सकाळची, तरी आठवडाभर रोज वेळ वहीत लिहितीये, मगच फोन स्टँडला लावणार.