आमची वाटचाल : चिपच्या मापाची सी लायब्ररी

हिंगणा एमआयडीसीत आमची जागा आहे. पाटीवर 'एम्बेडेड' लिहिलंय, त्यामुळे मोबाइलची स्क्रीन बदलून मिळेल का विचारायला अजूनही कुणीतरी येतंच. पाहुण्यांनी धंदा विचारला की मी 'कंट्रोलर कार्डाचं सॉफ्टवेअर' एवढंच सांगतो. त्यातलं नेमकं कोणतं काम आम्हाला पोसतं, ते इथे लिहितो : यंत्रात बसणाऱ्या छोट्या प्रोसेसरला सी भाषेची लायब्ररी त्याच्या मापाने तयार करून देणं. लायब्ररी म्हणजे छापणं, मेमरी मागणं अशा रोजच्या कामांची तयार फंक्शनं.

सुरुवात केली तेव्हा ८०५१ आणि एव्हीआर या ८ बिट चिपांचा जमाना होता. बुटीबोरी आणि हिंगण्यातल्या कारखान्यांसाठी टायमर, काउंटर, पॅनलचे डिस्प्ले अशी कामं. लायब्ररीचा विचार कुणी करत नसे. कंपायलरबरोबर, म्हणजे कोड चिपच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामबरोबर, जी यायची ती वापरायची. मग एआरएमच्या कॉर्टेक्स-एम जातीच्या ३२ बिट चिपा स्वस्त झाल्या, गिऱ्हाईक तेच मागू लागलं, आणि आम्ही जीसीसी या मोफत कंपायलरवर आलो. जीसीसीच्या एआरएम टूलचेनबरोबर (कंपायलर आणि त्याच्या जोडीची साधनं) न्यूलिब नावाची सी लायब्ररी येते. १९९० च्या दशकात सिग्नस कंपनीत ती आकाराला आली, पुढे रेड हॅटकडे गेली. लायब्ररी उत्तम आहे, पण तिच्या खाली ऑपरेटिंग सिस्टिम नाही, ते सगळं आपण पुरवायचं. प्रिंटएफ, म्हणजे मजकूर छापणारं फंक्शन, शेवटी राइट नावाच्या फंक्शनपाशी येऊन थांबतं. अक्षरं यूआर्टवर (चिपच्या सीरियल तारेवर) पाठवायची की एलसीडीवर, हे आपण लिहून द्यायचं. चालू प्रोग्रामला मेमरी देणाऱ्या मॅलॉकला आणखी मेमरी हवी झाली की ते एसब्रेक या फंक्शनला विचारतं. टूलचेनसोबत नोसिस नावाने जे रिकामे स्टब, म्हणजे नावापुरती फंक्शनं, येतात, त्यातलं एसब्रेक हीप (मॅलॉक वाटतं ती मेमरी) वर सरकवत राहतं. वरून खाली येणारा स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती मेमरी) किती जवळ आला ते बघतच नाही. फॅक्टरीत बसवलेलं कार्ड तीन आठवड्यांनी अचानक का अडकलं, याचं उत्तर कितीदा तरी इथेच सापडलं आहे. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये सगळ्यात आधी एसब्रेक बदललं जातं, हद्द तपासणारं.

आमचं नाव झालं ते जिनिंगवाल्यांमुळे. हिंगणघाटच्या बाजूचे एक गृहस्थ कापसातला ओलावा मोजायचं यंत्र विकायचे. फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये बसणारा प्रोग्राम, दुसऱ्या कुणी लिहिलेलं, आणि तो माणूस नागपूर सोडून गेलेला. नव्या चिपवर आणल्यापासून यंत्राचा डिस्प्ले बिघडला होता. "भाऊ, सारं दाखवून राहिलं, पण आकडाच नाही दाखवत. ओलावा लिहून येते, टक्क्याची खूण येते, मधात काहीच नाही."

मधे काहीच नाही, कारण त्या प्रोजेक्टमध्ये न्यूलिब-नॅनो जोडलेली होती. नॅनो म्हणजे त्याच न्यूलिबचं जागा वाचवण्यासाठी वेगळ्या पर्यायांनी केलेलं बिल्ड. तिच्या प्रिंटएफमध्ये दशांश छापणारा भाग मुद्दाम बाजूला ठेवलेला असतो. कोड आणि लायब्ररी एकत्र बांधणाऱ्या लिंकरला तो वेगळा मागावा लागतो, आणि नाही मागितला तर ना एरर, ना वॉर्निंग, फक्त मोकळी जागा. मागितला की काम होतं, पण सोबत फ्लॅशमध्ये, म्हणजे कोड साठवायच्या मेमरीत, कित्येक किलोबाइट जातात, आणि या चिपमध्ये एकूण ३२ किलोबाइटच होते. आम्ही दशांश मागितलाच नाही. ओलावा दहापट करून पूर्णांकात ठेवला, ८४ असेल तर मधे टिंब घालून ८.४ छापला. तो सेन्सर एका दशांशापलीकडे भरवशाचा नव्हताच, मग फ्लोटचं, म्हणजे दशांश संख्यांच्या गणिताचं, ओझं कशाला? गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. पण त्यांनी जिनिंगच्या हंगामात आमचा नंबर चार जणांना दिला.

इथून पुढे एक सवय लागली. कोणतंही कार्ड आलं की आधी मॅप फाइल (लिंकरने काय कुठे बसवलं त्याची यादी) काढायची आणि लायब्ररीतलं काय काय आत शिरलंय ते वाचायचं. स्टँडर्ड न्यूलिबमध्ये पहिल्याच प्रिंटएफला आतून मॅलॉक होतो, १०२४ बाइटच्या बफरसाठी, म्हणजे छापण्याआधी अक्षरं साठवायच्या जागेसाठी. रॅम चार किलोबाइटची असेल तर पाव भाग तिथेच संपला. वर, आउटपुट टर्मिनलवर जातंय असं इझ-ए-टीटीवायच्या स्टबने सांगितलं नाही, तर तो बफर भरेपर्यंत एक अक्षर बाहेर पडत नाही, आणि नवीन पोरं यूआर्टची वायर बदलत बसतात. न्यूलिब स्वतः बिल्ड करायला घेतली की या सगळ्याला कॉन्फिगरमध्ये बटणं आहेत : छोटा मॅलॉक, आटोपशीर फॉरमॅटिंग, ६४ बिट पूर्णांक छापायचे की नाही, रीएंट्रन्सीची (एकच फंक्शन एकाच वेळी दोन ठिकाणांहून चालण्याची) रचना लहान ठेवायची की नाही, जागेसाठी ऑप्टिमाइझ करायचं की नाही. एकेक बटण म्हणजे गिऱ्हाइकाला विचारायचा एकेक प्रश्न. मात्र स्वतःचं प्रिंटएफ लिहायचं नाही, हा माझा हट्ट आहे. हुशार मुलांना तो मोह होतोच. दोन दिवसांत लिहून होतं, आणि पुढची दोन वर्षं त्यातले किडे वेचावे लागतात.

२०२१ मध्ये जगभर चिपांचा तुटवडा पडला. एसटीएम३२ (कॉर्टेक्स-एमचीच एक मालिका) मिळेना, मिळाला तर भाव ऐकून लोक फोन ठेवायचे. बुटीबोरीतल्या कारखानदारांनी मिळेल त्या चिपवर कार्ड फिरवायला सुरुवात केली आणि आमच्याकडे रीघ लागली. आधीपर्यंत आम्ही फर्मवेअर लिहायचो आणि लायब्ररी ओघाने व्हायची. त्या वर्षात उलटं झालं. फर्मवेअर गिऱ्हाइकाचंच, आम्ही फक्त ते नव्या प्रोसेसरवर उभं करून द्यायचं. कॉर्टेक्स-एम४ वरचा कोड त्याहून साध्या एम० वर आणायचा तर दशांशाचं गणित करणारं फ्लोटिंग पॉइंट युनिट गेलं, भागाकाराची सूचनासुद्धा गेली. दोन्ही कामं आता लिबजीसीसी या जीसीसीच्या मदतनीस लायब्ररीतल्या सॉफ्टवेअरने होणार, म्हणजे जागा वाढणार, वेळही वाढणार. एम४ वरच एक भाग हार्ड फ्लोटचा (ते युनिट धरून बांधलेला) आणि दुसऱ्याने दिलेली तयार आर्काइव्ह फाइल (आधीच कंपाइल केलेला कोड) सॉफ्टची, म्हणजे त्याच्याशिवायची, असंही यायचं. तिथे निदान लिंकर सरळ नकार देतो. टेबलावर नकार मिळाला की मला बरं वाटतं.

रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या प्रोसेसरांवर तो नकार मिळेलच असं नाही, आणि आमचा सगळ्यात रंजक काळ तोच. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या वेगा मालिकेतली तेजस३२ चिप घेऊन एक जण आले. देशी प्रोसेसरवर डेटा लॉगर (आकडे नोंदवून ठेवणारं यंत्र) करायचा होता. तेजस३२ चा कोअर आरव्ही३२आयएम, म्हणजे मूळ सूचना आणि गुणाकार-भागाकार, बस. १६ बिटच्या आखूड, कॉम्प्रेस्ड सूचना त्याला कळत नाहीत. त्यांच्या टूलचेनमध्ये लायब्ररी आरव्ही३२आयएमएसी साठी बिल्ड केलेली होती, त्यातल्या शेवटच्या सी, म्हणजे कॉम्प्रेस्ड, सकट. लिंकर दोन्ही एकत्र बांधून देतो, चूं करत नाही. कार्ड सुरू होतं, मेनपर्यंत (आपल्या प्रोग्रामच्या सुरुवातीपर्यंत) येतं, आणि मेमकॉपीसारख्या निरुपद्रवी फंक्शनमध्ये शिरताच ट्रॅप, म्हणजे न कळणारी सूचना आली म्हणून प्रोसेसर अडतो. गिऱ्हाइकाला चिपच सदोष वाटत होती. आम्ही आरव्ही३२आयएम आणि आयएलपी३२ (फंक्शनांनी एकमेकांना डेटा द्यायचा संकेत) धरून न्यूलिब आणि लिबजीसीसी दोन्ही नव्याने बांधल्या. लिबजीसीसी हटकून राहून जाते. न्यूलिब नीट बांधली तरी लिबजीसीसीतून कॉम्प्रेस्ड सूचना मागच्या दाराने येतात. शेवटी डिसअसेंब्ली (तयार कोडमधल्या सूचनांची यादी) काढून एकही १६ बिट सूचना उरली नाही हे बघितलं, मग कार्ड हातात दिलं.

दुसरं टोक म्हणजे सीएच३२व्ही००३ ही रिस्क-फाइव्हचीच अगदी छोटी चिप. १६ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम, आणि रजिस्टरं (प्रोसेसरच्या आत आकडे धरायच्या जागा) ३२ ऐवजी १६. काटोलकडच्या संत्र्याच्या बागांसाठी ठिबकचा टायमर करणाऱ्या एका मुलाने ती निवडली होती, किमतीकडे बघून. तिथे न्यूलिबच्या पाठी लागण्यात अर्थ नव्हता. आम्ही पिकोलिबसी ही छोट्या चिपांसाठीची सी लायब्ररी घेतली. कीथ पॅकार्ड यांनी न्यूलिबचा पाया आणि एव्हीआर-लिबसीचं (एव्हीआर चिपांच्या लायब्ररीचं) आटोपशीर स्टँडर्ड आयओ, म्हणजे छापण्या-वाचण्याची फंक्शनं, एकत्र करून ती उभी केली आहे. बिल्ड मेसन या साधनावर चालतं, प्रोसेसरचा सगळा तपशील एका क्रॉस फाइलमध्ये मावतो, आणि नुसत्या पूर्णांकांपुरतं प्रिंटएफ निवडता येतं. मला विचाराल तर आज नवं काम सुरू करणाऱ्याने आधी पिकोलिबसी बघावी, जुन्या कामाला न्यूलिबवरून उगाच हलवू नये.

पैशाचं बोलायचं तर सुरुवातीला हे बिल करताच येत नव्हतं. "लायब्ररी तर फुकटच भेटते ना जी?" भेटते. न्यूलिबचे बहुतेक परवाने बीएसडी धर्तीचे आहेत, विकायच्या मालात घालायलाही अडचण नाही. मग आम्ही कोटेशनमधून तो शब्दच काढला. आता 'बोर्ड सपोर्ट' अशी एक ओळ असते, आणि तिच्यात ठरलेल्या गोष्टी : बिल्डची स्क्रिप्ट, कंपायलरची नेमकी आवृत्ती, कॉन्फिगरचे पर्याय, मॅप फाइल. आम्ही उद्या नसलो तरी ती स्क्रिप्ट चालवून तीच लायब्ररी परत निघाली पाहिजे. काही जण हे घेतात आणि दुसऱ्या वर्षी आमच्याकडे येत नाहीत. चालतं.

माणसं टिकवणं त्याहून अवघड. इथल्या कॉलेजांतली पोरं चांगली तयार होतात आणि पुणं, हैदराबाद, बेंगळुरू गाठतात. मुलाखतीत मी एकच प्रश्न धरून बसतो : मेनच्या आधी काय होतं? जो डेटा सेक्शन (सुरुवातीची किंमत दिलेली व्हेरिएबलं) फ्लॅशमधून रॅममध्ये आणण्याबद्दल, बीएसएस (किंमत न दिलेली व्हेरिएबलं) शून्य करण्याबद्दल, इनिट अॅरेबद्दल (मेनआधी चालवायच्या फंक्शनांची यादी) बोलू लागतो त्याला आम्ही तर्री पोह्यासकट ठेवून घेतो. "काहीच नाही सर, मेनपासून सुरू होते" म्हणणाऱ्यांपैकीही एकाला घेतलं होतं. तो आज आमचा सगळ्यात पक्का माणूस आहे. मे महिन्यात कूलर हरतो, तेव्हा मल्टिलिबचं (प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी वेगळी लायब्ररी) पूर्ण बिल्ड रात्री लावायची पद्धत त्यानेच पाडली.

सध्या टेबलावर वीजमापनाच्या एका लॉगरचं काम आहे. पंधरा वर्षं चालेल असं गिऱ्हाइकाने कबूल करून ठेवलंय, म्हणजे तो १९ जानेवारी २०३८ ओलांडणार, आणि वेळ सेकंदांत मोजणारा ३२ बिटचा टाइम-टी त्या दिवशी संपतो. आजच्या न्यूलिबमध्ये टाइम-टी मुळातच ६४ बिट आहे. अडचण आहे ती मीटरच्या प्रोटोकॉलची जी तयार आर्काइव्ह फाइल बाहेरून आली आहे तिची. ती जुन्या, ३२ बिटच्या हेडरवर (डेटाची मापं सांगणारी फाइल) कंपाइल झालेली आहे, आणि वेळ असलेली प्रत्येक स्ट्रक्चर (डेटाचा एकत्र बांधलेला गट) दोन्ही बाजूंना वेगळ्या मापाची निघते. आम्ही त्यांच्याकडे सोर्स मागितला आहे. तो मिळेपर्यंत मधे रूपांतराचा एक पातळ थर घालून चाचण्या चालू आहेत, बोर्डाचं घड्याळ २०३८ च्या पुढे लावून.