तुम्ही विचारलंत म्हणून: सेवेला पदक कशाला?

"काय ओ मॅडम, एकीकडं सेवा म्हणता आणि पदकं पण वाटता. मग ती सेवा कसली?"

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुठल्या शाळेच्या गॅदरिंगला, हा प्रश्न मला हमखास गाठतो. नोकरीत असताना मी गाईड कॅप्टन होते, म्हणजे भारत स्काऊट्स आणि गाईड्समधल्या मुलींच्या पथकाची बाई. निवृत्तीबरोबर पथक सुटलं, पण एक काम चिकटून राहिलं. सोलापुरातल्या शाळाशाळांत जी मोठी माणसं हे पथकाचं काम विनामोबदला करतात, त्यांच्या पुरस्कारांचे प्रस्ताव मी लिहून देते. तेव्हा विचारणारा योग्य माणसालाच धरतो.

"ह्यातनं मिळतंय काय?" हा त्याचाच जुळा भाऊ. त्याचं उत्तर सोपं आहे. पैसे मिळत नाहीत. शिबिराला जायचं तर बरेचदा स्वतःच्या पर्समधून जातात. पदकाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकावासा मला वाटत नाही.

आधी थोडी माहिती, कारण गोंधळ फार आहे. मोठ्यांसाठी दीर्घ सेवेचं पदक आहे, त्याच्या वर मेडल ऑफ मेरिट, मग सिल्व्हर स्टार, आणि सगळ्यांत वर सिल्व्हर एलिफंट, म्हणजे रुपेरी हत्ती. जागतिक पातळीवर ब्राँझ वुल्फ आहे. तो १९३५ मध्ये सुरू झाला आणि पहिला खुद्द बेडन-पॉवेल यांना, म्हणजे स्काऊट चळवळीच्या जनकांनाच, दिला गेला. भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या राष्ट्रीय आयुक्त राहिलेल्या आपल्या लक्ष्मी मजुमदार यांना तो १९६९ मध्ये मिळाला. गळ्यातल्या चामडी दोरीला दोन लाकडी मणी दिसले की लोक "हा कुठला पुरस्कार?" म्हणतात. तो पुरस्कार नव्हे. तो वुड बॅज, १९१९ मध्ये इंग्लंडच्या गिलवेल पार्कात सुरू झालेल्या प्रशिक्षणाची खूण. आपल्याकडे त्याला हिमालय वुड बॅज म्हणतात. तो शिकून, घाम गाळून मिळवायचा असतो. कुणी प्रस्ताव लिहून मिळत नाही.

आता गंमत बघा. पोरांना बिल्ला दिला तर कुणी विचारत नाही की सेवेला बिल्ला कशाला. प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार, अशी चढण त्यांच्यासाठी आखलेली आहे. प्रत्येक पायरीवर गाठी बघतात, प्रथमोपचार बघतात, चाचणी शिबिरात तंबू उभारायला लावतात. मुलगी पास झाली की तिचा फोटो पेपरात येतो, आणि त्या फोटोत अगदी कडेला, अर्धी कापलेली, तिची कॅप्टन असते. कॅप्टनची चाचणी कुणी घेत नाही. तिचं काम चालू असतं तोवर ते दिसत नाही, बंद पडलं की मग "यंदा पथक नाही का?" अशी चौकशी होते.

यातली खरी खोच प्रस्तावात आहे. आपल्याकडे पुरस्कारांची एक विचित्र रीत पडून गेली आहे: ज्याला हवा त्यानंच अर्ज करायचा. स्वतःच्या कात्रणांची फाईल करायची, प्लास्टिकच्या कव्हरांत प्रमाणपत्रं घालायची आणि "मी निरपेक्ष भावनेने कार्य करते" असं स्वतःच लिहून खाली सही ठोकायची. ज्याला हे जमतं त्याला पुरस्कारही जमतात. जिचा सगळा वेळ पोरींत जातो तिच्याकडे फाईलच नसते. म्हणून माझा हट्ट असतो की ज्याचं नाव, त्यानं लिहायचं नाही. दुसऱ्यानं जाऊन बघावं, विचारावं, लिहावं.

पूर्व भागातल्या एका शाळेतल्या बाईंकडे मी अशीच गेले होते. आजूबाजूला पॉवरलूमची खडखड, घराघरांत तेलुगू, बऱ्याच मुलींच्या आया विड्या वळणाऱ्या. मी कागद काढला तशा बाई म्हणाल्या, "माझं काय लिहिता? मी विशेष असं काही केलंच नाही." हे सगळ्याच म्हणतात, आणि ते नम्रता म्हणून नसतं. त्यांना खरंच आठवत नाही. अशा वेळी "तुमचं योगदान सांगा" म्हटलं की माणूस गप्प होतो. मी विचारलं, "तुमच्या कपाटात काय काय आहे?"

कपाट उघडलं. आत जुन्या गणवेशांचा गठ्ठा, इस्त्री करून ठेवलेला. मोठ्या झालेल्या मुलींचे गणवेश बाई परत मागून घेतात, शिवण उसवतात, लांबी वाढवतात किंवा आत घेतात आणि नव्या मुलींना देतात. एका गणवेशाच्या खालच्या पट्टीवर जुन्या घड्यांच्या रेषा एकाखाली एक दिसत होत्या. तेवढ्या मुली त्या एका कापडातून गेल्या होत्या. शेजारी सेफ्टी पिनांचा डबा, दोन जादा स्कार्फ, शिट्ट्या, पॅड्सची पाकिटं, आणि एक वही. वहीत प्रत्येक मुलीपुढं तिच्या घरी रात्रीच्या शिबिराला हो म्हणणारं माणूस कोण ते लिहिलेलं: कुणाची आजी, कुणाचा मामा, एका ठिकाणी नुसतं "शेजारची". ज्या घरी आई नाही म्हणते तिथं बाई संध्याकाळी जाऊन बसतात, तेलुगूत गप्पा मारतात आणि शिबिराचा विषय सर्वांत शेवटी काढतात.

मग गड्ड्याचं निघालं. गड्डा म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणारी सोलापूरची सिद्धेश्वरांची यात्रा; नंदीध्वजांची मिरवणूक निघते, होम मैदानावर मुंगीला शिरायला जागा नसते. शोभेच्या दारूकामाच्या रात्री बाईंच्या मुली पाण्याच्या आणि हरवलेल्या मुलांच्या मदतीला होत्या. चार वर्षांचं एक पोर सापडलं, रडून लाल झालेलं. माईकवरून मराठीत पुकारा चालू होता आणि पोराला त्यातलं काही कळत नव्हतं. बाईंनी गुडघ्यावर बसून आधी तेलुगूत विचारलं, "नी अम्मा एक्कडा?" पोर रडतंच. मग कानडीत, "निन्न अव्वा एल्ली?" त्याबरोबर पोरानं हात वर करून पाळण्याकडं दाखवलं. बाईंनी माईक हातात घेतला आणि कानडीत पुकारा केला. आई पाळण्याच्या तिकिटाच्या रांगेपाशीच वेड्यासारखी फिरत होती. तेव्हापासून त्यांच्या पथकात नियम आहे: हरवलेल्या पोराजवळ एकटी मुलगी बसवायची नाही, तिन्ही भाषा होतील अशी जोडी बसवायची. "हे पण लिहायचं का?" बाईंनी विचारलं. म्हटलं, हेच लिहायचं.

पदक आलं तेव्हा ते कुठं द्यायचं यावर आमच्यात थोडी वादावादी झाली. सत्कार म्हटला की सभागृह, पाहुणे, शाल, श्रीफळ, आणि सोलापुरात वरून एक चादर किंवा टॉवेल असायचाच. (माझ्याकडे सत्काराच्या चादरी इतक्या साठल्या की त्या शिबिरात मुलींच्या अंथरुणाला कामी आल्या. सोलापुरी चादरीची कीर्ती उगाच नाही, पोरींनी लोळून लोळून फाटत नाही.) पण व्यासपीठावर पंचवीस जण एका रांगेत उभे करून, नावं चुकीची वाचून, पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई म्हणून उरकून टाकलेला सत्कार मला नको होता. आम्ही ते शाळेच्या परिपाठात दिलं. मुलींसमोर, मुख्याध्यापकांसमोर, आणि गेटपाशी उभ्या असलेल्या चारदोन आयांसमोर. मी लिहिलेलं एक पान वाचलं. त्यात गणवेशाचा गठ्ठा होता, वही होती, गड्ड्यातलं पोर होतं.

पुढच्याच आठवड्यात शनिवारचे शेवटचे दोन तास बाईंच्या वेळापत्रकातून काढून पथकाला दिले गेले. आधी त्यासाठी बाईंनी दोनदा विनंती केली होती. त्यांच्या सासूबाईंनी, म्हणे, पदक हातात घेऊन मागून-पुढून बघितलं आणि विचारलं, "म्हणजे तू रविवारी तिकडं हे करतीस होय?" पदकाचा उपयोग असा असतो. ज्याला मिळतं त्याच्यापेक्षा त्याच्या भोवतीच्यांना तो जास्त. मुख्याध्यापकाला, सासूला, नवऱ्याला, शिक्षण खात्यातल्या साहेबाला. त्या माणसाला थोडा वेळ आणि थोडी मोकळीक कुणी द्यायची, ते या सगळ्यांच्या हातात असतं.

एक निवृत्त गुरुजी मला नेहमी म्हणतात, "डॉ. कोटणीसांनी कुठं पदक मागितलं होतं?" बरोबर आहे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले ते काही मागायला नाही, आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. पण गुरुजी, आपल्याला हे ठाऊक कसं झालं? चीनमध्ये लोकांनी त्यांची समाधी जपली, इथं त्यांच्या जन्मघराचं स्मारक झालं. त्यांनी मागितलं नाही म्हणूनच ते दुसऱ्यांना करावं लागलं. गुरुजी यावर मान हलवतात आणि पुढच्या भेटीत तोच प्रश्न पुन्हा विचारतात.

पदकांनी राजकारण होतं, हेही खरं. पदाधिकाऱ्यांची नावं आधी पुढं सरकतात, शाळेतल्या साध्या बाई मागं राहतात. माझ्यापुरता नियम आहे की जो प्रस्ताव तपासतो त्याचं नाव त्या वर्षी यादीत नको. काही जण तो पाळतात, काही हसतात. आणि दीर्घ सेवेच्या पदकाला "नुसती वर्षं मोजून काय देता?" म्हणून नाक मुरडणारे आहेत, त्यांच्याशी मी सहमत नाही. शिक्षकांच्या बदल्या होतात, नव्या शाळेत पथक नसतं, साहित्य नसतं, मुख्याध्यापकाला रस नसतो. तिथं पुन्हा शून्यापासून सुरू करणारा माणूस नुसता टिकून राहिला तरी मला ते पुष्कळ वाटतं.

यंदाच्या प्रस्तावांचे कागद आत्ता माझ्यासमोर आहेत. त्यातले निम्मे मला परत पाठवायचे आहेत, कारण त्यांत "उत्कृष्ट", "उल्लेखनीय" आणि "मोलाचे" याखेरीज काहीही नाही. तुमच्या शाळेत असं कुणी असेल तर तुम्हीही लिहा. मात्र त्यांना विचारू नका, ते नाहीच म्हणतील. त्यांच्या पथकातल्या एका मुलीला विचारा, आणि ती जे पहिलं वाक्य बोलेल ते तसंच्या तसं लिहून पाठवा. बाकीचं मी बघते.